भोक नसलेली कुंडी

ऑलिव्हसाठी कुंडी कोणती घेऊ, असं कुणी विचारलं की सुचित्रा लगेच उत्तर द्यायची नाही. आधी तिचेच प्रश्न सुरू व्हायचे. झाड केवढं आहे? मुळांचा गड्डा किती रुंद? गॅलरीत ठेवणार की अंगणात? पाऊस थेट अंगावर येतो का? हिवाळ्यात आत घेणार की बाहेरच? आणि घ्यायचं झालं तर उचलायला घरात कोण आहे? शनिवारी सहज फिरायला आलेलं गिऱ्हाईक या सरबत्तीने गांगरून जायचं, पण ऐकून घ्यायचं. हूफडॉर्प या डच गावाच्या कडेला असलेल्या त्या गार्डन सेंटरमध्ये कुंड्यांच्या विभागात ही बुटकी, चष्मेवाली बाई अकरा वर्षं उभी होती, आणि ती सांगते ते खरं ठरतं असा तिचा लौकिक होता.

तिचे नियम पक्के होते. कुंडी मुळांपेक्षा चार बोटं मोठी, त्याहून जास्त नाही. फार मोठ्या कुंडीतली माती वाळत नाही आणि ऑलिव्हच्या मुळाशी पाणी थांबलं की झाड गेलंच. पोट सुटलेली, तोंडाशी निमुळती कुंडी दिसायला देखणी, पण दोन-तीन वर्षांनी झाड बाहेर काढायचं म्हटलं की कुंडी फोडावी लागते. शक्यतो भाजक्या मातीची घ्यावी, चांगली जाड, म्हणजे बर्फात तडकत नाही. आणि काहीही झालं तरी बुडाला भोक हवंच. "भोक नसेल तर ती कुंडी नव्हे, बादली," असं ती डच भाषेत सांगायची, तेव्हा लोक हसायचे. ती मात्र हसण्यासाठी सांगत नसे.

सुचित्रा मूळची चिंचवडची. वडील दिनकरराव शाळेत चित्रकला शिकवायचे. लग्नाआधी ती एका डोळ्यांच्या दवाखान्यात नावं लिहून घ्यायच्या खिडकीपाशी बसायची. सोळा वर्षांपूर्वी नवऱ्याला, राजनला, इथल्या एका कंपनीत काम मिळालं आणि ती त्याच्यामागोमाग आली; पासपोर्टवर त्याची बायको म्हणून शिक्का, बाकी काही नाही. पहिली दोन वर्षं ती घराच्या खिडकीतून बाहेर बघत काळज्या करत बसली. मग लायब्ररीत डच शिकवणाऱ्या आजीबाई भेटल्या, मग फुलांच्या लिलावघरात गुच्छ बांधायचं काम, आणि तिथून हे गार्डन सेंटर. नोकरी लागली, भाषा आली, पासपोर्टही बदलला. काळजी करणं तेवढं बदललं नाही. इस्त्री बंद केली का ते बघायला बसस्टॉपवरून परत येणारी बाई ती. राजन म्हणायचा, "काळजी करायला काही नसलं, की त्याचीही तुला काळजी वाटते." ते अगदीच खोटं नव्हतं.

चार वर्षांपूर्वीच्या एका सप्टेंबरात हेनीबाई ऑलिव्हसाठी कुंडी घ्यायला आल्या. हेनीबाई म्हणजे सुचित्राच्या शेजारीण. दोघींच्या अंगणांमध्ये फक्त एक लाकडी कुंपण. तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या, ताठ, पांढऱ्या केसांचा बॉबकट, मूलबाळ नाही. नवरा विम त्याच उन्हाळ्यात गेला होता. सगळा जन्म त्याने पोल्डरमधलं, म्हणजे समुद्रसपाटीखालच्या जमिनीतलं, पाणी उपसणाऱ्या पंपांवर काम केलं होतं. सुचित्राला तो माहीत होता तो शिडीवर चढून कुंपणापलीकडून "बुर्व्राऊ!" अशी शेजारणीला घालतात तशी हाक मारणारा, भोपळे देणारा उंच म्हातारा म्हणून.

हेनीबाईंनी निवडली ती गडद निळ्या झिलईची, सरळ बाजूंची, गुडघ्याहून उंच कुंडी. सुचित्राने ती उलटी करून दाखवली. "हिला भोक नाही. ही घराच्या आत ठेवायची, शोभेची. थांबा, मी मागे नेऊन ड्रिलने पाडून देते. पाच मिनिटांचं काम."

"नको," हेनीबाई म्हणाल्या.

"पण इथल्या पावसात..."

"नको म्हटलं ना. मला भोक नसलेलीच हवी."

अर्धा तास सुचित्रा वाद घालत राहिली. मुळं कुजतील म्हणाली, थंडीत पाणी गोठून कुंडी फुटेल म्हणाली, दुसऱ्या तीन कुंड्या ओढत आणून समोर ठेवल्या. हेनीबाई ऐकत होत्या, मान हलवत होत्या, आणि शेवटी ती निळी कुंडीच ढकलगाडीवर घालून घेऊन गेल्या. त्या दिवसापासून पाऊस लागला की सुचित्रा स्वयंपाकघराच्या खिडकीतून कुंपणापलीकडे बघायची. ऑलिव्हचा करडा-हिरवा शेंडा तेवढा दिसायचा. पहिली दोन वर्षं तो बरा होता. तिसऱ्या वर्षी पानं टोकाशी पिवळी पडू लागली. एकदोनदा तिने विषय काढला, तर हेनीबाई म्हणाल्या, "झाड माझं आहे, सुचित्रा." इथली माणसं असं तोंडावर सांगतात आणि पुढच्या मिनिटाला कॉफी विचारतात, सोळा वर्षांत तिला त्याची सवय झाली होती. पण तिची काळजी काही त्या कॉफीबरोबर खाली उतरली नाही.

यंदा नोव्हेंबरच्या सुरुवातीला हेनीबाई स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. रुग्णवाहिकेत चढवताना त्यांनी किल्ली सुचित्राच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "टपाल काढ, झाडांकडे बघ."

झाडांकडे बघ. सुचित्राने ते मनावर घेतलं. रोज कामावरून आली की ती पलीकडे जायची. खिडकीतले जिरॅनियम ठीक होते. ऑलिव्ह नव्हता. तीन आठवडे पाऊस पडत होता आणि निळ्या कुंडीत मातीच्या वर बोटभर पाणी उभं होतं. पानं गळून पाण्यावर तरंगत होती. तिने काठाशी बोट खुपसलं आणि नाकाशी नेलं; आंबलेला, कुजका वास. त्यात हवामानाच्या ॲपवर बातमी आली: रविवारी उणे सहा. एवढं पाणी गोठलं तर कुंडी तर फुटेलच, पण मुळंही बर्फात उभी राहतील.

"शेजारणीचं झाड आहे," राजन म्हणाला. "मेलं तर मेलं. आपण काय करणार?"

"तिने मला सांगितलंय बघायला."

"बघायला सांगितलंय ना? मग बघ. हात कशाला लावतेस?"

ते सुचित्राला पटलंही आणि पटलंही नाही. शेवटी तिने हॉस्पिटलमध्ये फोन लावला. ऑपरेशन होऊन तीन दिवस झाले होते. नर्सने फोन हेनीबाईंच्या कानाशी धरला असावा. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येत होता. सुचित्राने विचारलं, "ऑलिव्हची कुंडी बदलू का? थंडी येतेय, पाणी साचलंय."

"दू मार, दू मार," पलीकडून आलं. म्हणजे, कर की, कर.

एवढं तिला पुरलं. शुक्रवारी तिने सुट्टी घेतली. सेंटरमधून आणलेली कुंडी तिने अशी निवडली होती, जशी आपल्या पोरीसाठी कुणी चप्पल निवडतं: इटलीची, भाजक्या मातीची, अंगठ्याएवढ्या जाडीची, बुडाला भोक, आणि खाली टेकू द्यायला मातीचेच तीन पाय, म्हणजे पाणी निघून जाईल. माती हलकी, त्यात वाळू आणि बारीक खडी. राजन कुरकुरत का होईना, आला. दोघांनी मिळून निळी कुंडी आडवी केली. काळं पाणी फरशीवर पसरलं आणि त्या वासाने राजनने तोंड फिरवलं.

झाड ओढलं तसं सहज निघालं. वरची मुळं जिवंत होती, खालची काळी पडून बोटांत चिखलासारखी सुटत होती. सुचित्राने हातमोजे काढले; मुळांचं काम ती नेहमी उघड्या हातांनीच करायची. कुजलेलं सगळं तिने कापलं, चिकटलेली माती झाडली. खालच्या मातीत पांढुरके, करकरीत कण होते. कुणीतरी चुन्याची खडी मिसळली असणार, तिला वाटलं. ऑलिव्हला चुना मानवतो. ती माती मात्र वाचवण्यासारखी नव्हती. तिने ती तीन मोठ्या पिशव्यांत भरली. झाड नव्या कुंडीत उभं केलं, भिंतीच्या आडोशाला सरकवलं, खोडाभोवती गोणपाट गुंडाळलं. मग निळी कुंडी पाण्याचा पाइप लावून आतून ब्रशने दोनदा घासली आणि शेडमध्ये पालथी घातली. शनिवारी सकाळी राजनने पिशव्या गाडीत टाकून खेमेंतेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कचरा केंद्रावर नेऊन रिकाम्या केल्या. रविवारी पहाटे सगळं अंगण पांढरं झालं. सुचित्राने खिडकीतून ऑलिव्हकडे बघितलं आणि चार वर्षांत पहिल्यांदा तिला त्या झाडाविषयी बरं वाटलं.

पुढच्या गुरुवारी ती हेनीबाईंना भेटायला गेली. त्यांना आता पुनर्वसन केंद्रात हलवलं होतं. खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, जरा वाळल्या होत्या, पण डोळे पुन्हा लख्ख होते. सुचित्राने घरून नेलेला शिरा त्यांनी चमच्याने चाखला, फार गोड आहे म्हणाल्या, आणि सगळा संपवला. मग विचारलं, "आणि विम कसा आहे? रविवारी फार थंडी होती म्हणे."

सुचित्राला वाटलं, औषधांचा अंमल अजून उतरला नाही. ती हळूच म्हणाली, "हेनीबाई, विम तर..."

"अगं, मला भ्रम झालेला नाही," त्या हसल्या. "विम ऑलिव्हमध्ये आहे. तुला सांगितलं नव्हतं मी कधी. महिन्याने दहनगृहातून डबा मिळाला. समुद्रात टाकायचा नव्हता, जन्मभर पाण्याशी भांडला तो. डब्यात तरी किती दिवस ठेवणार? म्हणून मातीत मिसळला. खालच्या निम्म्यात. म्हणून तर भोक नको होतं मला. पहिल्याच पावसात गटारात वाहून गेला असता माणूस. आणि तू बिचारी अर्धा तास मला समजावत होतीस! दुकानात, लोकांसमोर, काय सांगायचं तुला?"

सुचित्राच्या हातात रिकामा डबा होता. तो तिने पिशवीत ठेवला, बाहेर काढला, पुन्हा ठेवला. "बरं आहे," एवढंच ती म्हणाली. "झाड बरं आहे." हे खोटं नव्हतं. पण बाहेर पडल्यावर घरी जाणारी पहिली बस समोरून निघून गेली तरी तिला ते कळलं नाही.

घरी येऊन तिने कोटही न काढता राजनला विचारलं, "त्या पिशव्या कुठे टाकल्यास?"

"कचरा केंद्रावर. का?"

"नक्की कुठे?"

"तिथल्या माणसाने सांगितलं, मुळं आहेत तर हिरव्या कचऱ्यात टाका. तिथे ढीग होता, त्यात. पण का?"

तिने सांगितलं. राजन खुर्चीत बसला. मग म्हणाला, "हे बघ. तिला सांगू नकोस. झाड जिवंत आहे, ती येऊन बघेल, तिला वाटेल तो तिथेच आहे. त्यात कुणाचं काय बिघडलं? तू सांगितलंस तर ऐंशीला टेकलेल्या बाईला नवरा दुसऱ्यांदा गेल्याचं दुःख देशील. तेही मोडलेल्या हाडावर."

संहिता, त्यांची सोळा वर्षांची मुलगी, जिन्यावर उभी राहून ऐकत होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर नेहमी डचमध्ये. आताही ती डचमध्येच म्हणाली, "आई, तुला सांगावंच लागेल. ते तिचं आहे. तुझं नाही." आणि खोलीत निघून गेली.

सुचित्रा न्हाणीघरात गेली आणि डोक्यावरून आंघोळ केली. अस्थींना हात लागला की आंघोळ करायची, एवढं तिला माहीत होतं. सहा दिवस उलटून गेल्यावर केलेली चालते का, ते माहीत नव्हतं. गरम पाण्याखाली उभी असताना तिला एकदम दिनकरराव आठवले. कोविडच्या दुसऱ्या लाटेत ते गेले तेव्हा विमानं बंद होती. धाकट्या भावाने, मनोहरने, दहाव्या दिवशी नदीकाठावरून व्हिडिओ कॉल लावला होता. फोन हलत होता, वाऱ्याचा आवाज येत होता, लाल फडक्यातलं गाठोडं क्षणभर दिसलं आणि चित्र अडकलं. पुन्हा हललं तेव्हा मनोहरचे हात रिकामे होते. आपल्या बापाची राख तिच्या हाताला लागली नाही. आणि हा परका म्हातारा, भोपळे देणारा, त्याला तिने उघड्या हातांनी मुळांतून झाडून काढलं होतं, चुन्याची खडी समजून. ब्रशने घासून काढलं होतं. दोनदा.

पुढचे चार दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. कामावर एका बाईला तिने ऑलिव्हसाठी चुकून घरातली शोभेची कुंडी दिली आणि ती गाडीपाशी पोचल्यावर धावत जाऊन परत आणली. दुपारच्या सुट्टीत तिने कचरा केंद्राला फोन केला. हिरव्या कचऱ्याचा ढीग केव्हा उचलतात, असं विचारलं. पलीकडच्या माणसाने काय हरवलंय म्हणून विचारलं, तेव्हा तिने फोन ठेवून दिला. रोज संध्याकाळी ती कुंपणापलीकडे जायची, गोणपाट जरा सैल करायची, माती चाचपायची, पुन्हा बांधायची. मुळांना थोडं तरी चिकटलं असेल, ती स्वतःला सांगायची. सगळं नाही ना झाडलं मी. मग तिला आठवायचं, तिने किती नीट झाडलं होतं.

मनात एक वाक्य तयार होतं: मी तुम्हाला फोनवर विचारलं होतं. ते वाक्य ती बसमध्ये, स्वयंपाकघरात, कुंड्यांच्या रांगेत उभी असताना पुन्हा पुन्हा म्हणून बघायची. प्रत्येक वेळी ते खरं होतं, आणि प्रत्येक वेळी कोत्या मनाचं वाटत होतं.

मंगळवारी ती गेली. हेनीबाई चाकं लावलेली कुबडीगाडी धरून कॉरिडॉरमध्ये चालण्याचा सराव करत होत्या. खोलीत येऊन त्या खुर्चीत बसल्या. मग सुचित्रा उभ्यानेच म्हणाली, "मी झाडाची कुंडी बदलली. थंडीच्या आधी. खालची माती कुजली होती, ती काढून टाकली. सगळी. कचरा केंद्रावर गेली. मला माहीत नव्हतं."

हेनीबाईंनी तिच्याकडे बघितलं.

"निळी कुंडी?"

"धुतली," सुचित्रा म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "मी तुम्हाला विचारलं होतं. फोनवर. तुम्ही दू मार म्हणालात."

"मी म्हणाले?" हेनीबाई म्हणाल्या. "त्याच दिवशी मी नर्सला सांगत होते म्हणे, की विम खाली गाडी लावतोय, त्याला वर यायला वेळ लागेल."

बोलून त्या खिडकीकडे वळल्या. बाहेर पार्किंगमध्ये कुणीतरी गाडीच्या काचेवरचं गोठलेलं दव खरवडत होतं. सुचित्राला वाटलं, आता ओरडतील. इथली माणसं ओरडली की निदान कळतं तरी. पण हेनीबाई फक्त म्हणाल्या, "चार वर्षं रोज सकाळी त्याच्याशी बोलत होते मी. आज तू जा, सुचित्रा."

ती गेली. त्यानंतर तीन आठवडे हेनीबाईंचा फोन नाही, मेसेज नाही. सुचित्राने रोज टपाल काढलं, जिरॅनियमला पाणी घातलं. राजन एकदा म्हणाला, "सांगितलं होतं तुला," आणि तिचं तोंड बघून पुन्हा तो विषय काढला नाही. डिसेंबरच्या मध्यावर दारात टॅक्सी थांबली, हेनीबाई घरी आल्या. सुचित्राने पडद्याआडून बघितलं. त्या सरळ अंगणात गेल्या नाहीत. दोन दिवस त्यांच्या मागच्या दाराचा पडदाही उघडला नाही.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, दारावरची घंटा वाजली. कुबडीगाडी धरून, टोपी घालून हेनीबाई उभ्या होत्या.

"राजनची गाडी आहे ना घरी?" त्या म्हणाल्या. "मला तिथे घेऊन चला. कुठे टाकलं ते बघायचंय मला."

राजनने किल्ल्या घेतल्या. सपाट, ओली शेतं, कालव्यांवर पातळ धुकं, धावपट्टीवर उतरणारी विमानं. सुचित्रा मागे बसून हातातली पिशवी चुरगळत होती. तिथे काही नसणार, एवढं तिला ठाऊक होतं. ढीग केव्हाच हलला असणार. मग ही बाई काय बघणार, कशापुढे उभी राहणार?

हिरव्या कचऱ्याच्या कठड्याशी ढीग होता, पण दुसरा. हायड्रेंजियाची वाळलेली फुलं आणि कुणाच्या तरी कुंपणाच्या फांद्या. तिथे पिवळं जाकीट घातलेला एक दाढीवाला माणूस होता. हेनीबाईंनी त्याला सरळ विचारलं, "पाच आठवड्यांपूर्वी इथे टाकलेलं आता कुठे आहे?"

त्याने राजनकडे बघितलं, मग सुचित्राकडे. काय ओळखलं कुणास ठाऊक, पण हसला नाही. म्हणाला, "मागे, खताच्या रांगांत. तिकडे लोकांना सोडत नाहीत. पण आज गर्दी नाही. चला, कुबडीगाडी नीट धरा, रस्ता खडबडीत आहे."

मागच्या मैदानात डोक्याएवढ्या उंचीच्या काळ्या रांगा होत्या, आणि त्यांतून वाफ निघत होती. थंडी मरणाची होती, तरी रांगेजवळ गेल्यावर गालाला ऊब लागत होती. "आत साठ अंश असतात," तो माणूस म्हणाला. "नोव्हेंबरचं बहुतेक या दोन रांगांत. मार्चपर्यंत तयार होईल. मग निम्मं शेतकरी नेतात, निम्मं बागांना, आणि एका शनिवारी गावच्या लोकांना फुकट वाटतो."

हेनीबाई कुबडीगाडी सोडून एक पाऊल पुढे गेल्या. सुचित्रा झटकन दंडाला धरायला धावली. त्यांनी धरू दिलं. बराच वेळ त्या वाफेकडे बघत राहिल्या. ओठ हलत होते, पण काय म्हणत होत्या ते ऐकू आलं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. मग म्हणाल्या, "रात्री त्याचे पाय नेहमी गार असायचे. माझ्या पोटऱ्यांना लावायचा." थोड्या वेळाने: "ऊब आहे इथे."

परतताना गाडीत त्यांनी विचारलं, "आता तू मला सांग. झाड जगेल?"

सुचित्राला 'हो' म्हणायचं होतं. पण कुंड्यांच्या बाबतीत तिला खोटं बोलता येत नसे. "माहीत नाही," ती म्हणाली. "निम्मी मुळं गेली आहेत. एप्रिलपर्यंत कळेल."

"आणि त्या निळ्या कुंडीत?"

"त्या कुंडीत मेलंच असतं."

हेनीबाईंनी मान हलवली.

जानेवारी, फेब्रुवारी असेच गेले. कॉफीचं बोलावणं आलं, पण पूर्वीसारखं आठवड्याला नाही, पंधरा दिवसांनी. पूर्वी हेनीबाई विमच्या गोष्टी सांगायच्या, आता हवेच्या, पायाच्या व्यायामाच्या सांगायच्या. सुचित्रा प्रत्येक वेळी घरी येऊन प्रत्येक वाक्य आठवून बघायची, त्यात राग कुठे आहे का शोधायची. कधी सापडायचा, कधी नाही. "विचार ना तिला सरळ," राजन म्हणायचा. तिने विचारलं नाही.

मार्चअखेरच्या शनिवारी हेनीबाईंनी तिला खत आणायला पाठवलं. फुकट खतासाठी गाड्यांची लांब रांग लागली होती; माणसं बादल्या, पिशव्या, लहान मुलांचे टब घेऊन आली होती. सुचित्राने एक बादली भरून आणली. ऑलिव्हच्या दोन फांद्या तोवर वाळून गेल्या होत्या. त्या तिने आधीच्या आठवड्यात कापल्या होत्या. उरलेल्या एका फांदीच्या बगलेत काहीतरी फुगल्यासारखं दिसत होतं. ते डोळा आहे की नुसती गाठ, हे ती रोज चष्मा पुसून बघायची.

"ऑलिव्हला इतकं कसदार खत चालत नाही," ती कुंडीपाशी बादली ठेवत म्हणाली. "पानं माजतात, मुळं आळशी होतात. आणि हे झाड अजून आजारी..."

"मूठभर," हेनीबाई म्हणाल्या. "फक्त मूठभर. आज माझ्याशी वाद घालू नकोस."

हेनीबाईंना वाकता येत नव्हतं, म्हणून त्यांनी ओंजळ पुढे केली आणि सुचित्राने बादलीतून थोडं खत काढून त्यांच्या ओंजळीत ठेवलं. काळं, भुसभुशीत, जंगलासारखा वास येणारं. त्यांनी ते उभ्यानेच खोडाभोवती सोडलं. थोडं कुंडीच्या काठावर सांडलं. सुचित्राने ते बोटाने आत लोटलं, मातीवर सारखं केलं, आणि सवयीने कुंडीखाली हात घालून पाणी नीट निघतंय ना ते चाचपलं.

"बाकीच्याचं काय करायचं?" तिने बादलीकडे बघत विचारलं.

"तुझ्या गुलाबांना घाल," हेनीबाई म्हणाल्या आणि हात झटकले. "किती रोडावलेत ते. विम नेहमी म्हणायचा."